रखमाबाईंचा नकार

मुंबईच्या उच्च न्यायालयात ४ मार्च १८८७ या दिवशी एका खटल्याचा निकाल लागला. प्रतिवादी होती बावीस वर्षांची एक तरुणी. न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला आज्ञा केली की, एक महिन्याच्या आत तिने पतीच्या घरी नांदावयास जावे. न गेल्यास सहा महिन्यांचा कारावास भोगावा. ती तरुणी न डगमगता म्हणाली की, आपण कारावास पत्करू. परंतु नांदावयास जाणार नाही.

मुलांनो, ही तरुणी म्हणजे रखमाबाई. तिने असा निश्चय का केला हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे गेले पाहिजे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. म्हणून पुढे आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे सखाराम अर्जुन मोठे व्यासंगी गृहस्थ. वैद्यकाबरोबरच वनस्पतिशास्त्रातही त्यांना उत्तम गती होती. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते एक होते. अशा घरात वाढूनही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून देण्यात आले! रूढीचा पगडा किती घट्ट असतो पाहा. वराचे नाव दादाजी भिकाजी.

तुमच्यापैकी कित्येकांचे वय आज नेमके तेवढेच असेल. मी शिक्षक असताना हजेरीपटावरील एखाद्या मुलीचे नाव वर्षाच्या मध्येच गळे आणि चौकशी केली असता ‘लग्न ठरले’ एवढेच उत्तर मिळे. त्या वेळी मला रखमाबाईंची आठवण होई; कारण लग्नाबरोबर त्यांचीही शाळा सुटली होती. मात्र त्यांचे वाचन सुटले नाही. पुस्तके मिळवून त्या घरीच अभ्यास करीत राहिल्या. इकडे दादाजींनी शिकून शहाणे व्हावे अशी सखाराम अर्जुन यांची इच्छा होती. पण दादाजींचे मन विद्येत रमले नाही. वर्षे गेली. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि जसजशी समज येत गेली, तसतसे त्यांना स्पष्ट दिसू लागले की, ज्या विवाहास आपण कधी होकार दिलाच नाही, तो आपणांस बांधून ठेवू शकत नाही.

१८८४ साली दादाजींनी नोटीस पाठविली आणि पत्नीने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. असा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्रजी कायद्यातून इकडे आला होता. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. जी स्त्री कधी पतीगृही राहिलीच नाही, तिला बळाने तेथे धाडणे अमानुष होय, असा त्यांचा अभिप्राय होता. हा निकाल ऐकावयास सखाराम अर्जुन मात्र हयात नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले होते.

त्याच सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीची दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहाविषयी होते, दुसरे विधवांवर लादलेल्या वैधव्याविषयी. ही पत्रे रखमाबाईंचीच होती. त्यांवरून देशभर वाद पेटला. बेहरामजी मलबारी प्रभृती सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषाने त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली. टिळकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तथापि या एका प्रश्नात त्यांची बाजू मला कधीच पटली नाही.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली वरिष्ठ न्यायाधीशांनी खटला पुन्हा चालविण्यास सांगितले आणि त्यातूनच न्यायमूर्ती फॅरन यांचा तो निकाल आला. त्याच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या होत्या.

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला व पुढे दुसरा विवाह केला. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा करून मुलींसाठी दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली. त्यामागे या खटल्याने उठविलेल्या चर्चेचाही वाटा होता.

सुटका तर झाली, पण आता पुढे काय करावयाचे? मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यक शिकण्याचे प्रोत्साहन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. स्वदेशी परतून त्यांनी प्रथम सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. परपुरुषाकडून नाडी तपासून घेण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या स्त्रियांचा तो काळ. त्यांना स्त्री डॉक्टर म्हणजे केवढा आधार!

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र नेसू लागल्या. ज्या नात्याविरुद्ध त्या चार वर्षे झगडल्या, त्याचे हे चिन्ह त्यांनी का स्वीकारले असेल? मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. तुम्हीही करून पाहा.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, रखमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता आणि त्यात हिंदू पत्नीला ठरावीक कारणांसाठी घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला होता.

स्वाध्याय

१. न्यायमूर्ती पिन्हे व न्यायमूर्ती फॅरन यांच्या निकालांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
२. रखमाबाईंनी वृत्तपत्रातील पत्रांखाली आपले नाव का घातले नसावे?
३. ‘पगडा असणे’, ‘लेखणी चालविणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या आजीला किंवा पणजीला तिचे लग्न कोणत्या वर्षी झाले ते विचारा आणि ती सांगेल ते लिहून आणा.