आपत्तीतील मृतांची ओळख आणि पोलिसांचे मनुष्यबळ

दि. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत भीषण चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग आणि गॅसच्या टाक्यांचे स्फोट ह्यांत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. पुढे न्या. राजन कोचर आयोग नेमला गेला आणि गर्दीचे नियमन, मंदिराची रचना, दुकानांची दाटी ह्या गोष्टींची पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्या रात्री आणखी एक प्रश्न उभा होता. त्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ओळीने ठेवलेल्या ह्या प्रेतांपैकी कोणते कोणाचे, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारावर?

कायद्याने हे काम पोलिसांकडे सोपविलेले आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४, असे सांगते की, अपघाती मृत्यूची खबर मिळताच ठाण्याच्या अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करावा. अंगावरील कपडे, दागिने, गोंदण, व्रण, जखमा, सारे त्यात लिहावे लागते. नंतर प्रेत हवालदाराबरोबर शवविच्छेदनास जाते, नातेवाइकांचे जबाब होतात आणि ताबापावतीवर सही घेऊन प्रेत स्वाधीन केले जाते. एका प्रेताला एकच तास धरला आणि दहा पथके अखंड काम करीत आहेत असे मानले, तरी तीनशे प्रेतांना तीस तास लागतील. तालुक्याच्या ठाण्यात दहा पथके असतात कोठे? यात्रेच्या दिवशी जे शिपाई असतात ते बंदोबस्ताला आलेले, पहाटेपासून उभे असलेले आणि नुकतेच चेंगराचेंगरीतून माणसे ओढून काढलेले. त्याच थकलेल्या हातांत लेखणी द्यायची आणि अचूकतेची अपेक्षा करायची, असा हा प्रकार आहे.

आंतरराष्ट्रीय पोलीस संघटना इंटरपोल हिने १९८४ साली ह्या विषयावर पहिली मार्गदर्शिका काढली. तीत आपत्तींचा एक उपयुक्त भेद केला जातो. कोण कोण होते हे आधीच माहीत असते ती बंदिस्त आपत्ती, आणि माहीत नसते ती खुली. सातारा-सांगली भागातील घटना ह्या दृष्टीने पाहिल्या की पुष्कळ उलगडा होतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जण दगावले. काही प्रेते नंतरच्या दिवसांत सापडली. पण बोटीत होते ते गावचेच लोक. कोण बसले आणि कोण परतले नाही हे गावच सांगू शकत होते. ही बंदिस्त आपत्ती होय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, त्यात १८० च्या आसपास माणसे गेली. तेथे गावकरी होते, तशी प्रकल्पाच्या कामावर आलेली बाहेरगावची कुटुंबेही होती, म्हणून तिला अर्धी बंदिस्त म्हणावे लागेल. मांढरदेव मात्र पूर्णपणे खुली. लाखांच्या यात्रेत कोण कोठून आले ह्याची यादी कोणाजवळच नव्हती. शिवाय यात्रेला येताना नवे लुगडे आणि हिरवा चुडा बहुतेकींच्याच अंगावर असतो. ज्या खुणांवर पंचनामा भिस्त ठेवतो त्या खुणाच सारख्या!

चेहऱ्यावरून ओळख पटते, हा सामान्य समज फसवा आहे. मृत्यूनंतर चेहरा फुगतो, रंग पालटतो. त्यातून नातेवाईक शोकाने भांबावलेले असतात. म्हणूनच इंटरपोल केवळ पाहून पटलेल्या ओळखीला पुरेशी मानत नाही. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही तिची मुख्य साधने. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी प्रवाशांची ओळख मोठ्या प्रमाणावर दातांवरून पटली, कारण त्यांच्या दंतवैद्यांकडे नोंदी होत्या. आपल्याकडे दाढ दुखली तर लवंग धरायची, फारच झाले तर ती काढून टाकायची. नोंद कोण ठेवतो? ठशांची गोष्ट तर विलक्षणच आहे. ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले; पण पोलिसांच्या दप्तरी ठसे असतात ते मुख्यतः गुन्हेगारांचे. आधारसाठी कोट्यवधी ठसे घेतले गेले आहेत, परंतु २०१६ च्या आधार कायद्याने ते अन्य कामासाठी देण्यास मनाई केली आहे. तेव्हा जन्मभर सरळ वागलेल्या माणसाची ओळख पटविणे सराईत चोराच्या ओळखीपेक्षा कठीण, असा हा न्याय!

उरला डीएनए. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातात २६० जण मृत्यू पावले आणि बहुतेकांची ओळख आईवडील, मुले, भावंडे ह्यांच्या रक्तनमुन्यांवरून पटली. तेथे विमान कंपनीजवळ प्रवाशांची नावनिशीवार यादी होती आणि साऱ्या देशाचे लक्ष होते. तरीही ब्रिटनमधील काही कुटुंबांकडून चुकीचे अवशेष मिळाल्याची तक्रार झालीच. प्रयोगशाळा कितीही चांगली असो, नमुन्याच्या बाटलीवर क्रमांक घालणारा हात शेवटी शिपायाचा किंवा परिचराचा असतो.

चूक झाली तर काय होते? एका घरात परक्याचे क्रियाकर्म होते आणि दुसऱ्या घरात वाट पाहणे संपत नाही. प्रेतच मिळाले नाही तर पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे बेपत्ता असल्याखेरीज मृत्यू गृहीत धरता येत नाही. वारसनोंद, विमा, निवृत्तिवेतन, विधवेचे अनुदान, सारे अडून बसते. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ प्रेते सापडल्यावर शोध थांबविण्यात आला आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. केदारनाथ (२०१३) व चमोली (२०२१) येथील आपत्तींनंतर अशा बेपत्तांना लवकर मृत घोषित करण्याची खास पद्धत आखावी लागली होती. त्या पद्धतीतही पहिला कागद पोलीस ठाण्यातील बेपत्ता नोंदीचाच असतो.

मनुष्यबळाचा खरा तुटवडा प्रेतांजवळ नसून ह्या नोंदीच्या टेबलाजवळ आहे, असे माझे मत आहे. इंटरपोलच्या पद्धतीत दोन रंगांचे तक्ते असतात. हरवलेल्या माणसाची माहिती पिवळ्यावर लिहायची, प्रेताची गुलाबीवर, आणि मग दोहोंचा मेळ घालायचा. आपल्याकडे गुलाबी बाजू पंचनाम्याच्या रूपाने कशीबशी भरली जाते. पिवळी मात्र कोरी राहते, कारण रडणाऱ्या नातेवाइकाजवळ बसून तासभर शांतपणे विचारपूस करायला माणूस नसतो. हातावर कोणाचे नाव गोंदले होते, पायात सळई घातली होती का, जोडवी कोणत्या घडणीची, हे प्रश्न घाईने विचारता येत नाहीत. त्यातून मृतांत स्त्रिया बहुसंख्य असतील तर पंचनाम्यालाही आणि चौकशीलाही स्त्री पोलीस हव्यात.

शिवाय आपत्ती पोलिसांना वगळून येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांची मजल गाठली, तेव्हा शहरात राहणाऱ्या शिपायांचे संसारही पुराच्या छायेतच होते. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा रस्तेच तुटले. मिरगावकडे कोयना जलाशयातून जावे लागले. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी कितीही राखीव पोलीस असले तरी पहिले दोन दिवस ते नसल्यासारखेच.

मग मदत कोठून घ्यायची? कायद्यातच एक वाट आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तसा अधिकार दिलेल्या तहसीलदारांनाही, मरणोत्तर चौकशी करता येते. तिचा उपयोग मोठ्या आपत्तीत ठरवून केला तर पोलिसांचे ओझे वाटले जाईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ऑगस्ट २०१० मध्ये मृतांच्या व्यवस्थापनावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती ठाण्याच्या कपाटातून बाहेर येऊन वर्षातून एकदा तरी सरावात यावीत. हातमोजे, प्रेतपिशव्या, न पुसणाऱ्या शाईचे क्रमांक ह्या वस्तू स्वस्त आहेत; त्या आयत्या वेळी मिळत नाहीत इतकेच. तीन दिवस प्रेते हाताळलेल्या शिपायाला चौथ्या दिवशी गणपतीच्या बंदोबस्ताला पाठवू नये, त्याला रजा आणि बोलायला एखादा जाणता डॉक्टर मिळावा, ही मागणीही चैनीची नव्हे.

पिवळ्या तक्त्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांचा विचार करता येईल. त्यांना प्रेतांजवळ नेऊ नये. परंतु अक्षर चांगले, गावची बोली अवगत आणि ऐकून घेण्याची तयारी, एवढे भांडवल आपल्यापैकी अनेकांजवळ आहे. डोंगराखालच्या आणि नदीकाठच्या वाड्यांत पोलीस पाटलाने मृगाच्या आधी घरटी माणसांची यादी करून एक प्रत ठाण्यात व एक तहसील कचेरीत ठेवावी. कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेले कोण आणि पाहुणे म्हणून आलेले कोण, ह्याची नोंद तीत असावी. दरड कोसळल्यावर पहिला गोंधळ होतो तो नेमका ह्या दोघांविषयी.