वस्तूंवरील छपाई : यूव्ही मुद्रणयंत्राची निवड

शाळांची सन्मानचिन्हे, दारावरच्या नामपट्टिका, लाकडी खेळणी यांवर नावे व चित्रे छापून देणे हा लहान गावीही चालू शकणारा व्यवसाय आहे. त्यासाठी एखादा बचतगट कर्ज मागू लागला की सल्ल्यासाठी तो शिक्षक वा पंचायत सदस्यांकडे येतो. यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. निवड चुकली तर यंत्र बंद पडते, हप्ते मात्र चालूच राहतात.

या यंत्राची शाई अतिनील प्रकाश पडताच रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यामुळे लाकूड, काच, धातू, ॲक्रिलिक यांवर थेट छपाई करता येते. परंतु शाई सर्वत्र सारखी धरत नाही. काच व धातू यांना बहुधा आधी प्रायमर लावावा लागतो. पॉलिथिनवर ती सहज निघते.

वस्तू आधी, यंत्र नंतर

प्रथम कोणत्या वस्तू विकल्या जातील हे ठरवावे. त्यांची लांबी, रुंदी व उंची यंत्रात मावली पाहिजे. सपाट वस्तूंना ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटरचा पाट अनेकदा पुरतो. बाटल्यांसाठी वस्तू फिरवणारे जोडसाधन लागते. गडद पृष्ठभागावर रंग उठून दिसण्यासाठी पांढरी शाई आवश्यक असते. तिच्यातील रंगद्रव्य जड असल्याने तळाशी बसते. म्हणून ती ढवळत ठेवण्याची सोय पाहावी.

खरेदीपूर्वीची कसोटी

विक्रेत्याच्या नमुन्यांवर विसंबू नये. आपल्याच वस्तू नेऊन छापून घ्याव्यात. एक दिवसानंतर छपाईवर पात्याने आडव्या-उभ्या रेघा पाडून चिकटपट्टी लावावी व ओढून काढावी. रंग सुटला, तर तो माल गिऱ्हाईक परत आणणारच.

किमतीबरोबर शाई, सुटे भाग, मुद्रणशीर्ष बदलण्याचा खर्च आणि दुरुस्तीची सोयही विचारावी. छपाई चालू असताना वीज गेली, तर मुद्रणशीर्ष उघडे राहून त्यात शाई घट्ट होण्याचा धोका असतो. म्हणून यूपीएस हवाच. यंत्र फार दिवस बंद ठेवणेही घातक ठरते.

सुरक्षितता

न घट्टलेल्या शाईने त्वचेला बाधा होते. हातमोजे वापरावेत, खोली हवेशीर असावी, दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. अन्नाचा वा ओठांचा स्पर्श होणाऱ्या भागावर छपाई टाळावी.

कर्जाच्या अर्जावर शिफारस लिहिण्यापूर्वी अर्जदाराला एवढेच विचारावे : आपल्या वस्तूवर छापलेला आणि कसोटीस उतरलेला नमुना कोठे आहे?