अमोनिया, आंतडें आणि आपली उस्मानाबादी शेळी

गोठ्यांत नाकास झोंबणारा जो उग्र वास येतो, तो अमोनिया वायूचा होय. हाच वायु प्राण्यांच्या पोटांतहि नित्य तयार होत असतो, हें ऐकून आमच्या विद्यार्थिमित्रांस नवल वाटेल. अन्नांतील नत्रयुक्त द्रव्यें पोटांतील सूक्ष्म जंतु फोडतात व त्यांपासून अमोनिया निघतो. इतकेंच नव्हे, तर लहान आंतड्याची भिंत ग्लुटामीन नांवाचें द्रव्य खर्चून स्वतःहि अमोनिया रक्तांत सोडते, असें १९७४ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें.

अमोनियाचीं रूपें दोन. एक विद्युद्भाररहित; तें आंतड्याच्या भिंतींतून सहज झिरपतें. दुसरें विद्युद्भारित, त्यास ही वाट बिकट. आम्लता वाढली म्हणजे पहिलें रूप दुसऱ्यांत पालटतें. झिरपलेला अमोनिया रक्ताबरोबर प्रथम यकृतांत जातो व तेथें त्याचा निरुपद्रवी युरिया होतो. रशियांत पाव्हलॉव्ह, नेन्स्की व त्यांचे सहकारी यांनीं १८९३ सालीं कुत्र्यांच्या आंतड्यांकडील रक्त यकृत टाळून पुढें नेलें. तेव्हां मांस खाल्ल्यावर त्या कुत्र्यांस झटके व गुंगी येऊं लागली. यकृत युरिया कसा बनवितें, हें क्रेब्स व हेन्सेलाइट यांनीं १९३२ सालीं दाखविलें.

आतां आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नांवानें प्रसिद्ध असलेली काळी उस्मानाबादी शेळी पाहा. ही रवंथ करणारी. म्हणून तिच्यांत अमोनिया मुख्यतः पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांतूनच रक्तांत शिरतो. यकृतांत झालेला युरिया कांहीं अंशीं लाळेवाटें पुन्हां त्या कप्प्यांत येतो व जंतु त्यापासून प्रथिनें घडवितात. सुक्या कडब्यावरहि ती तग धरते, त्याचें हें एक कारण. सृष्टिकर्त्याची ही काटकसर खरोखर मननीय आहे!

परंतु शेळीनें खताचा युरिया चाटला किंवा त्याचें पाणी प्यालें, तर जंतु त्याचा झपाट्यानें अमोनिया करतात. यकृत अपुरें पडतें. पोट फुगतें, अंग थरथरतें, तोंडास फेस येतो आणि थोड्याच वेळांत प्राणहि जातो. अशा वेळीं पशुवैद्य थंड पाणी व शिरका पाजतात. शिरक्याच्या आम्लतेनें अमोनियाची वाट अडते, हें वरील विवेचनावरून ध्यानीं येईल.

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, युरियाचें पोतें बंद ठेवावें, त्याच्या बादलींत जनावरांस पाणी देऊं नये व विषबाधेचा संशय येतांच पशुवैद्यास बोलवावें. विद्यार्थ्यांनीं हा पाठ घरीं वाचून दाखविला, तर एखाद्या कुटुंबाची दुभती शेळी वांचेल.