चेतापेशींचा संयम आणि फवारणीचे विष

सन 2017च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अकोला, अमरावतीसह वऱ्हाडातील इतर जिल्ह्यांतही असे रुग्ण आढळले. वापरलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे होती. ती माणसाला कशी मारतात, हे समजण्यासाठी चेतापेशीचे कार्य जाणून घ्यावे लागेल.

चेतापेशी आणि स्नायू यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. विद्युतसंदेश ती ओलांडू शकत नाही. ते काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. चेतातंतूच्या टोकाशी ते इवल्या पुटिकांत साठविलेले असते. एकेका पुटिकेत त्याचे हजारो रेणू असतात. संदेश टोकाशी पोहोचला की पेशीपटलातील दारे उघडतात व बाहेरील कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम हीच पुटिका उघडण्याची आज्ञा होय. विश्रांतीत पेशीच्या आत ते अत्यल्प असते, म्हणून आज्ञेवाचून फारसे काही सुटत नाही. पुटिकांच्या या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या रॉथमन, शेकमन व स्यूडॉफ या शास्त्रज्ञांना 2013 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सोडण्याइतकेच थांबविणेही महत्त्वाचे. फटीतील कोलीनेस्टरेज हे विकर ॲसिटिलकोलीनचे क्षणार्धात विघटन करते आणि स्नायू पुढील संदेशासाठी मोकळा होतो. काही चेतापेशी तर आपणच सोडलेले रसायन ओळखून पुढील स्राव आवरता घेतात.

ऑर्गॅनोफॉस्फेट नेमके या विकरालाच जखडते. मग संदेश संपतच नाही. लाळ व घाम वाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात व अखेरीस श्वसनाचे स्नायू निकामी होतात. हे विष नाकातोंडावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरते. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत उघड्या अंगाने फवारणाऱ्याला म्हणूनच दुहेरी धोका असतो.

आपल्या विद्यालयातील अनेक मुलांचे आईवडील शेतात राबतात. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. मळमळ, घाम, धूसर दिसणे जाणवताच काम थांबवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे व औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालय गाठावे. डबा पाहिला की विषाचा प्रकार डॉक्टरांना लगेच कळतो. ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध वेळेत मिळाल्यास जीव वाचू शकतो.

वर्गात शिकलेला हा पाठ विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी वाचून दाखवावा. त्याची खरी परीक्षा शेताच्या बांधावर आहे.