आजी का विसरते?

"सूनबाई, धाकटा कधी यायचाय गं पुण्याहून?" आजीने विचारले.

"शनिवारी येणार, आत्याबाई."

घटकाभराने आजीने पुन्हा तेच विचारले. सुनेने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मात्र सून चिडली. "अहो, किती वेळा सांगू?"

शेजारीण ओट्यावरच बसली होती. ती म्हणाली, "मुद्दाम करतात हो म्हातारी माणसं. १९७२ च्या दुष्काळातलं बरं सगळं आठवतं यांना!"

हे मात्र खरे होते. त्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात असे. तिथला मुकादम कसा होता, सुकडी कशी मिळायची, सारे तिला तोंडपाठ. मग सकाळचे बोलणे दुपारी का आठवू नये? आजी ढोंग करते का?

नाही. तिच्या डोक्यात काय होते आहे ते पाहू.

आपला मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलो. शरीराच्या शंभर भागांतले जेमतेम २ भाग. पण खाणारा मोठा! आपण नुसते बसून असलो, तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूच्या शंभर भागांतले २० भाग एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जाते. त्या रक्तातून तो प्राणवायू घेतो आणि साखर घेतो. भाकरी, भात पचून रक्तात उतरते, ती ही साखर.

मेंदूच्या घरात कणगी नाही. आणायचे आणि लगेच खायचे. रक्त पोचायचे थांबले, तर दहा-एक सेकंदांत माणसाची शुद्ध जाते.

इटली देशात तुरीन नावाचे शहर आहे. तिथे आंजेलो मोस्सो नावाचे शास्त्रज्ञ होते. १८८० च्या सुमाराची गोष्ट. एका शेतकऱ्याच्या कवटीला जखम होऊन भोक पडले होते. त्यातून मेंदूचे ठोके दिसत. मोस्सो ते ठोके यंत्राने कागदावर उतरवून घेत. एकदा दुपारी बाराची घंटा वाजली. लगेच मेंदूचे ठोके मोठे झाले. हाताची नाडी मात्र होती तशीच. "प्रार्थना आठवली का?" असे मोस्सोंनी विचारले, तेव्हा ठोके पुन्हा मोठे झाले.

म्हणजे मेंदू कामाला लागला की रक्त तिकडे धावते. तुम्ही या ओळी वाचता आहात ना? आत्ता तुमच्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जास्त रक्त जात आहे. डोळ्यांना दिसते ते तिथे उमगते.

आता शेताचे उदाहरण घ्या. पीक वाळते ते दोन कारणांनी. एक, पाट बुजला, पाणीच पोचत नाही. दुसरे, पाणी आहे पण मुळाला कीड लागली, रोप पाणी ओढतच नाही. मग पाटकरीही तिकडे पाणी कमी सोडतो.

मेंदूचेही असेच आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एक नवी युक्ती प्रथम माणसावर वापरली गेली. साखरेसारख्या पदार्थाला किरणे टाकणारी खूण जोडायची, तो शिरेतून द्यायचा आणि यंत्राने मेंदूचे चित्र काढायचे. जो भाग साखर घेतो तो उजळ दिसतो. घेत नाही तो मंद.

आल्झायमर नावाचा विसराळूपणाचा रोग आहे. १९०६ साली त्याच नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो प्रथम सांगितला. या रोगात कानामागचा वरचा भाग आणि मेंदूची मागची आतली बाजू मंद दिसते. पुष्कळदा घरच्यांच्या ध्यानात येण्याआधीच. ही मुळाची कीड. कानाच्या आत खोल करंगळीएवढा एक भाग आहे. नवी आठवण तिथे घडते. या रोगात तो लवकर झिजतो. जुन्या आठवणी मात्र मेंदूत इतरत्र केव्हाच मुरलेल्या असतात. म्हणून मुकादम आठवतो आणि शनिवार आठवत नाही.

पाट बुजतो तो रक्तदाबाने, मधुमेहाने, तंबाखू-विडीने. बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत कीड आणि बुजलेला पाट, दोन्ही असतात.

कुणी म्हणेल, मेंदूला साखर हवी, तर आजीला गूळसाखर चारू. तसे मुळीच करू नका! रक्तात साखर कमी नसते. मेंदू ती घेत नाही, हे दुखणे. उलट गोड वाढले तर मधुमेह बळावतो.

किडीला अजून पुरता इलाज नाही. पाटाची निगा मात्र राखता येते. शिवाय जीवनसत्त्व ब-१२ कमी पडले, गळ्यातली थायरॉइड गाठ मंदावली, मन फार उदास झाले, तरीही माणूस विसरते. त्यावर औषध आहे. म्हणून "वयच झालं" म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, एक हात लुळा पडला, तर एक क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे.

सुनेने आजीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. आजीला एकच आठवला. रक्तदाब फार वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली, रक्त तपासायला दिले. आजीची मशेरीही डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. त्यावरून मात्र घरात दोन दिवस भांडण झाले.

आता सुनेने भिंतीवर पाटी टांगली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : शनिवारी येणार. आजीला अक्षर येत नाही, म्हणून नात वाचून दाखवते.

"शनिवारी येणार होय?" आजी म्हणते. "मग थालीपीठ लाव गं. त्याला कांदा जास्त लागतो."