लोकसंग्रह : न दिसणाऱ्यासाठी केलेले कर्म

‘लोकसंग्रह’ हा शब्द भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात येतो. अलीकडे त्याचा अर्थ ओळखीपाळखीची पुष्कळ माणसे जोडणे एवढाच घेतला जातो. अमक्यांचा लोकसंग्रह दांडगा आहे, असे आपण सहज बोलून जातो. गीतेला हा अर्थ अभिप्रेत नाही. संग्रह म्हणजे एकत्र धरून ठेवणे. समाजाची घडी विस्कटू नये म्हणून ज्ञानी पुरुषानेही कर्म करीत राहावे, असा तेथील आशय असून त्यासाठी राजा जनकाचा दाखला दिलेला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच शब्दावर भर दिला आहे. स्वतःसाठी मिळवावयाचे काही उरले नाही, तरी लोकांसाठी करावयाचे संपत नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

दया, दान आणि लोकसंग्रह या गोष्टी एकमेकींच्या जवळच्या खऱ्या, पण त्या एक नव्हेत. दया समोरच्या माणसाचे मुख पाहून उपजते. दानात देणारा आणि घेणारा दोघेही असतात. लोकसंग्रहात ज्याच्यासाठी करावयाचे, तो बहुधा दृष्टीसही पडत नाही. उद्या येणारा, परगावचा, कदाचित आपल्याला न रुचणाराही. त्याच्यासाठी आज पायरी झाडून ठेवावयाची असते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानची स्थापना १९०८ मध्ये, महाराजांच्या हयातीतच झाली. १९१० मध्ये महाराज समाधिस्थ झाले. संस्थानच्या व्यवस्थेचा कणा म्हणजे तेथील सेवाधारी. गावोगावचे शेतकरी, नोकरदार, व्यापारी आळीपाळीने येतात, नेमून दिलेले काम विनावेतन करतात आणि आपली पाळी संपताच घरी परततात. कोणी पादत्राणे सांभाळतो, कोणी पंगतीत वाढतो, कोणी परिसर झाडतो. घरी पाण्याचा पेला हातात मागणारा गृहस्थही येथे उष्टे उचलतो. दर्शनाला आलेल्याला त्याचे नाव ठाऊक नसते आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षाही नसते. ही शिस्त अनेक दशके जोपासणारे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. त्यांच्या पश्चातही पाळ्या लागतच आहेत. व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नसल्याची याहून वेगळी खूण कोणती असावी?

लोकहित केवळ देवस्थानातच घडते असेही नव्हे. २०१८ मध्ये जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढण्याचे मोठे काम झाले. भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, इंधनाचा भार शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपापल्या शेतांत वाहून नेला. यात शेतकऱ्याचा स्वार्थ होताच. सुपीक गाळ कोणाला नको? त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु तलाव खोल झाल्यावर जो पाझर वाढतो, तो एकही खेप न वाहिलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीलाही मिळतो. ‘त्याने काय केले?’ असे विचारून काम अडविले असते, तर गाळ आजही तेथेच असता.

आता देणगीदार बंधुभगिनींशी थोडे स्पष्ट बोलणे अगत्याचे वाटते. पावती फाटली की ते धन सर्वांचे होते. विश्वस्त हा शब्दच सांगतो की तो मालक नव्हे, इतरांच्या ठेवीचा राखणदार आहे. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदाही त्याला हिशेब ठेवावयास लावतो. देणाऱ्याचे नाव फलकावर राहील, पण त्या नावाने रांगेत पुढची जागा मागता येत नाही. एस. टी.ने आलेली, गुडघे धरून उभी असलेली एखादी आजी तेथे असते. आपण पुढे गेलो की तिची वाट थोडी लांबते. ती तक्रार करीत नाही. बहुधा तिला कारणही कळत नाही. तिच्यासाठी आपल्या क्रमाने उभे राहण्यास पैसा लागत नाही, आणि याची पावतीही कोणी देत नाही.