यंत्र सोबती की धनी?



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी जण बँकेत, रुग्णालयात, शाळेत किंवा कार्यालयात नोकरी करतात. हे काम आज संगणक आणि मोबाईलवर चालते. त्यामुळे नोकरीतले समाधान वाढले की घटले?

बँकेचे उदाहरण घेऊ. पूर्वी व्याजाची आकडेमोड हाताने होई आणि हिशेब जुळेपर्यंत कारकुनाला थांबावे लागे. संगणकाने हे कष्ट वाचवले. पण आता घरी परतल्यावरही मोबाईलवर साहेबांचे निरोप येत राहतात आणि दिवसभराचे प्रत्येक काम यंत्र मोजत राहते. सोय तीच, पण एकदा दिलासा आणि एकदा जाच.

असे का होते? अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडले की, माणूस केवळ कामाच्या ओझ्याने खचत नाही. ओझे मोठे आणि निर्णयाची मोकळीक कमी, असे झाले की ताण सर्वांत जास्त वाढतो. म्हणजे यंत्र कोणते यापेक्षा त्याचा लगाम कोणाच्या हाती, हे महत्त्वाचे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या श्रमविषयक परिपत्रकात हाच इशारा दिला होता. तंत्रज्ञान माणसाचे मित्र आहे. पण त्याने श्रमातले समाधान, कल्पकता आणि जबाबदारीची जाणीव हिरावून घेतली, तर ते जवळजवळ शत्रू बनते. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ साली निवडीनंतर लगेचच सांगितले की, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी आहेत.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन व ई-मेलपासून दूर राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काबाबत त्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपण आपल्यापासून सुरुवात करू या.

१. आपण वरिष्ठ असाल तर तातडीचे नसलेले निरोप सकाळपर्यंत थांबवा.

२. नवी पद्धत आणण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांना विचारा आणि शिकायला वेळ द्या.

३. घरी जेवताना आणि रविवारी कामाचा फोन बाजूला ठेवा.

विचारासाठी: माझ्या एका निरोपाने आज कोणाची संध्याकाळ हिरावली गेली का?